दोघं गेले, दोघं आले

बसा इकडे, शेकोटीजवळ. वीरेंद्र, तो मोबाईल आधी खिशात घाल. मी बोलत असताना मला समोर दिवे चालत नाहीत. तृप्ती, शाल नीट घे, उद्या शिंकत बसशील आणि नाव माझं सांगशील.

तर शनिवारी तुम्ही दोघं भावंडं निसर्ग-छायाचित्रणाच्या कार्यशाळेला निघालात. दोन दिवस, तलावाच्या काठावर, राहणं-खाणं तिथंच. नावंही देऊन झालीत म्हणे. तुमच्या आईनं मला विचारलं, गुरुजी, पाठवू का? मी म्हटलं, जेवणं झाल्यावर पोरांना माझ्याकडे लावून दे, मग सांगतो. म्हणून हा खटाटोप. नाहीतर या थंडीत अंगणात बसायची मला काही हौस नाही.

गोष्ट योगेंद्रची आहे. इथल्याच, लाखनीच्या हायवेवर ज्याचा फोटो स्टुडिओ आहे तो. शाळेत मी त्याला गणित शिकवलं, आणि ते त्याला शेवटपर्यंत आलं नाही. पण कॅमेरा हातात घेतला की पोरगा वेगळाच. लग्नं मात्र करून करून कंटाळला होता. तीच हळद, तेच हार, तोच स्टेजवर मागे उभा राहणारा मामा. एकदा तरी माणूस नसलेला फोटो काढायचा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. सारस पाहिलाय तुम्ही? जवळपास माणसाएवढा उंच पक्षी, लाल मानेचा. आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्याला तो हवा होता.

दोन हजार चोवीसचा जानेवारी. बारा तारखेला, शुक्रवारी, योगेंद्र एसटीनं भंडाऱ्याला गेला. काम साधं होतं. मित्राकडून लांब पल्ल्याची लेन्स आणायची आणि सासुरवाडीहून राजकुमारला सोबत घ्यायचं. राजकुमार म्हणजे त्याच्या बायकोचा, हर्षाचा, एकुलता एक भाऊ. बावीस वर्षांचा, हसरा, सांगितलेलं ऐकणारा. हे ऐकणारा लक्षात ठेवा.

त्याची आई सत्यवतीबाई. नवरा भंडाऱ्यातच पितळेची भांडी ठोकायचा, तो वारला तेव्हा राजकुमार सोळाचा होता. बापानं मरायच्या आधी स्वतःच्या हातानं त्याला एक पितळी अंगठी करून दिली होती. पोराचं बोट जाड झालं आणि अंगठी त्यातच अडकली. साबण लावा, तेल लावा, निघायची नाही.

निघताना सत्यवतीबाई दारात आल्या. "जवाई, सोमवारी संक्रांत हाये. पोरगं घरी पायजे मले."

"आणतो ना आई. मी काय त्याले चंद्रावर नेऊन राहिलो?"

"पोहता येत नाही त्याले."

"फोटो काढायला जाऊन राहिलो आई, पोहायला नाही." असं म्हणून योगेंद्र हसला. ते हसणं त्याला आजपर्यंत पचलेलं नाही.

तलाव अड्याळकडचा. जुना, मालगुजारांच्या काळचा. नाव तुम्हाला ठाऊक आहे, मी ते रात्री घेत नाही. शनिवारी सकाळी हे दोघं राजकुमारच्या मोटारसायकलवर पोचले. आणखी आठ-दहा जण नागपूरहून आले होते. शिकवायला टीना मॅडम. बाई हुशार, पण तोंड फटकळ. गावाला हा प्रकार पसंत नव्हता. कोणी गुंडभर पाणीसुद्धा प्यायला दिलं नाही, चहाच्या टपरीवाल्यानं यांना पाहून टपरीची फळी लावून घेतली. मुक्काम शाळेच्या वऱ्हांड्यात.

संध्याकाळी मॅडमनी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सगळ्यांना उभं करून शिकवलं. तलावाच्या पार टोकाला, जिथं पाणी उथळ आहे, तिथं बेशरमाच्या झुडपांत त्यांनी मातकट कापडाचा एक छोटा तंबू लावला होता. त्याला लपण म्हणतात. आत माणूस बसतो, कापडाच्या फटीतून कॅमेरा बाहेर काढतो. आता पक्षी काही मूर्ख नसतात. माणूस आत शिरताना दिसला की दिवसभर फिरकत नाहीत. म्हणून युक्ती अशी, की लपणाकडे दोघांनी जायचं, आणि एकानं परत यायचं.

"पक्ष्यांना मोजता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "माणूस गेलेला दिसला की त्यांना वाटतं लपण रिकामं झालं. जगभर असंच करतात."

मागे एक म्हातारा उभा होता. जागेश्वर. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा राखणदार. पाळीवरच्या खोपडीत झोपायचा आणि चोरून जाळं टाकणाऱ्यांना शिव्या द्यायचा. तो थुंकला आणि म्हणाला, "पाखरायले मोजता येत नाही, मॅडम. पाण्याले येते."

सगळे हसले. तो हसला नाही.

त्यानं खोपडीसमोरचा एक चपटा दगड दाखवला. ढिवरांची तिथली रीत अशी की अंधारात पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकानं त्या दगडावर एक खडा ठेवायचा आणि परत येताना आपल्या हातानं उचलायचा. खडा राहिला तर माणूस राहिला. मग कोणी घरी जायचं नाही, त्याला घेऊनच जायचं.

"जितके गेले तितके आले पायजे," जागेश्वर म्हणाला. "दोघं जा तं दोघं बसा. नाही तं दोघं या. एक कमी आला तं पाणी पुरे करते."

"कसं पुरं करते, काका?" राजकुमारनं विचारलं.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि दगडावरची धूळ हातानं झटकली.

"काका, आम्हाला आमचं काम करू द्या," मॅडम म्हणाल्या, आणि चिठ्ठ्या काढल्या. लपण एकच होतं. रविवारच्या पहाटेसाठी चिठ्ठी निघाली योगेंद्रची. गडी इतका खूश, की हर्षाला फोन करून सांगितलं.

पण त्याला शुक्रवारपासून खोकला. मॅडमनी दोनदा ऐकला आणि सरळ म्हणाल्या, खोकणारा माणूस लपणात चालणार नाही, तुमच्या मेव्हण्याला बसवा. योगेंद्रचं तोंड एवढंसं झालं. राजकुमारच म्हणाला, "कॅमेरा तुमचा भाऊजी, फोटो तुमचाच. मी फक्त बटन दाबतो."

मॅडमनी त्याला नियम सांगितले. आत बसल्यावर तोंड उघडायचं नाही. कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. उजाडेपर्यंत बाहेर यायचं नाही. मोबाईल त्यांनी सगळ्यांचेच काढून घेतले. योगेंद्रनं त्याच्या परीनं एक भर घातली. कॅमेरा अंधारासाठी लावून दिला आणि म्हणाला, "राज्या, काही दिसलं की दाबत राहा. सोडू नको. बाकी मी पाहून घेतो."

रविवार, चौदा जानेवारी. अमावास्या होऊन तीन दिवस झाले होते, चांदणं नावाला नाही. पाळीवर धुकं. पहाटे चार वाजता दोघं त्या दगडापाशी आले. जागेश्वर खाटेवर घोंगडी घेऊन बसलेला होता. झोपला नव्हता. राजकुमारनं वाकून दोन खडे उचलले, एक भाऊजींचा, एक आपला, आणि दगडावर ठेवले.

"राहू द्या ना आज," जागेश्वर म्हणाला. एवढंच.

"सकाळी चहा पाजतो काका तुमाले," योगेंद्र म्हणाला आणि पुढे निघाला.

अर्धा तास लागला. राजकुमार आत शिरला, स्टुलावर बसला. लाल मफलर, वर जाकीट. फटीतून लेन्स बाहेर काढली. योगेंद्रनं बाहेरून कापड नीट केलं. मॅडमनी सांगितलं होतं तसं जरा पाय वाजवत, टॉर्च हलवत, पाखरांना दिसेल असा तो परत निघाला.

पाळीवर चढला. शंभरेक पावलं गेला असेल.

मागे चिखलात पाय वाजला.

थांबला. काही नाही. चालला. पुन्हा चप्प... चप्प... त्याच्याच चालीनं.

"राज्या? काहून आला बे?"

टॉर्च फिरवला. धुकं. त्याला वाटलं म्हैस असेल. म्हैस दोन पायांवर चालत नाही, हे त्यालाही माहीत होतं. पण तेव्हा माणूस असाच विचार करतो. तो भराभर चालत सुटला. मागचंही भराभर. ते जवळ आलं नाही. लांबही राहिलं नाही.

खोपडीचा कंदील दिसला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. जागेश्वर उठून उभा होता. त्याच्याकडे बघत नव्हता. त्याच्या खांद्यामागे बघत होता.

"आले दोघं," जागेश्वर म्हणाला. "बरं झालं. मी म्हणलं पोरं ऐकत नाहीत, पण ऐकलं तुमी."

"कोण दोघं? मी एकटा आलो काका. राजकुमार तिकडे बसला हाये."

जागेश्वरनं कंदील उचलला आणि दगडावर धरला.

खडा एकच होता.

"त्यानं आपला उचलला ना आत्ताच," म्हातारा हळू म्हणाला. "तुमच्या पुढून हात घातला. मी म्हणलं, तुमचा साळाच..."

कंदील खाली आला. पाळीच्या कोरड्या धुळीत योगेंद्रच्या बुटांचे ठसे. त्यांच्या शेजारी अनवाणी पावलांचे. ओले. दगडापर्यंत आलेले. तिथून पुढे... नाही. पुढे नव्हते. ते वळून योगेंद्रच्या पाठीमागे गेले होते. आणि तिथं थांबले होते.

योगेंद्रनं मान वळवली नाही. त्यानं मला सांगितलं, गुरुजी, मानेला कोणीतरी ओला श्वास सोडत होतं. खोकला येत होता, पण मी खोकलो नाही.

"मोजणी पुरी झाली," जागेश्वर म्हणाला. "दोघं गेले, दोघं आले."

"मंग राज्या?"

जागेश्वरनं कंदिलाची वात बारीक केली.

"काका, मंग राज्या?"

"तो आता कोणाच्या मोजणीत नाही."

पोरांनो, योगेंद्र भित्रा माणूस आहे. अंधारात मोरीत जायचं तर बायकोला उठवतो. पण त्या वेळी त्याला दारात उभ्या सत्यवतीबाई दिसल्या. पोरगं घरी पायजे मले. त्यानं म्हाताऱ्याचे पाय धरले. म्हातारा मागे सरकला.

"उजाडाच्या आत जा. संग आला त्याले संगच ने. तिथं सोड. आपला आण. दोघं जा, दोघं या."

"तुमी चला ना संग."

"मी आलो तं तिघं होते."

निघाला. मागे चप्प... चप्प. या वेळी लपवणं नव्हतं. योगेंद्र रडत होता, त्याला लाज वाटत नाही सांगायला. टॉर्च पिवळा पडत चाललेला. पाळ उतरला. बेशरमाची झुडपं आली. आणि मागचा आवाज... बंद झाला.

लपण तसंच होतं. फटीतून लेन्सचं तोंड बाहेर.

"राज्या."

काही नाही.

"राज्या, बाहेर ये. मी हाये. भाऊजी."

आत काही हललं नाही. स्टूल नाही करकरलं, काही नाही. त्यानं कापडाला हात घालायला हात पुढे केला...

"चला ना भाऊजी."

आवाज बाजूनं आला. झुडपांतून. टॉर्च तिकडे गेला. राजकुमार उभा. जाकीट, लाल मफलर. थंडीनं काकडलेला.

"थंडी वाजून राहिली. चला."

योगेंद्रच्या डोक्यात एकच आलं, पोरगं लघवीला बाहेर आलं असणार. आणि डोक्यात दुसरं काही येऊ द्यायची त्याची तयारीच नव्हती. त्यानं राजकुमारचा हात घट्ट पकडला. गार होता हात. पहाटे कोणाचा गरम असतो? कॅमेरा, स्टूल, सगळं तिथंच टाकलं आणि त्याला ओढत तो पाळीवर चढला.

मागे आवाज झाला.

खटक्.

त्याला तो आवाज पाठ होता. हजार लग्नांत ऐकलेला.

खटक्... खटक्...

"कॅमेरा चालू राहिला का बे?"

"चला ना भाऊजी."

खटक्...

सात वेळा. त्यानं मोजले. आयुष्यात एवढं एकच मोजलं त्या पोरानं बरोबर. सात वेळा झालं, आणि मग थांबलं. तो वळला नाही. हात सोडला नाही. पळत सुटला.

दगडापाशी जागेश्वर उभाच होता. योगेंद्रनं आपला खडा उचलला. "आणला काका," म्हणाला. "आणला!"

जागेश्वरनं राजकुमारकडे पाहिलं. "तुझा खडा?"

राजकुमारनं मूठ उघडली. खडा त्याच्या हातात होता.

म्हातारा कंदील घेऊन मागे वळला. आत गेला आणि खोपडीच्या दाराचं ताटवं आतून ओढून घेतलं. योगेंद्रनं कितीतरी हाका मारल्या, ताटवं उघडलं नाही.

आठ वाजता ऊन आल्यावर योगेंद्र मॅडमना घेऊन लपणाकडे गेला. आत कोणी नव्हतं. कॅमेरा तिपाईवर जसाच्या तसा. मॅडमनी त्याला चार लोकांत झापलं, लपण अर्ध्यात सोडलं म्हणून.

संध्याकाळी भंडाऱ्याला पोचले. सत्यवतीबाई पायरीवर बसून होत्या.

"आणला जवाई?"

"आणला, आई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जावयाला सगळ्यात आधी तिळगूळ दिला. राजकुमार पाटावर बसून जेवत होता. हर्षाचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. "राजू, बाबाची अंगठी?"

"पाण्यात पडली असेल," तो म्हणाला आणि भात कालवत राहिला.

साबणानं न निघणारी अंगठी.

योगेंद्रनं कॅमेऱ्याचं कार्ड गुरुवारी उघडलं. चार दिवस त्याला हिंमत झाली नव्हती. स्टुडिओचं शटर आतून लावलं, पाहिलं, आणि रात्री नऊला माझ्या दारात आला. मी मास्तर माणूस, मला वाटलं मी समजूत काढीन. फोटो पाहिला आणि मीच उठून दाराला कडी घातली. सांगणार कोणाला? त्या माऊलीला? तिच्या घरात तिचा पोरगा जेवतो, झोपतो, तिचे पाय चेपतो. गेल्या वर्षी त्याचं लग्नही ठरत होतं, त्यानंच नको म्हटलं. त्याला आता तलावाचाच नाद आहे. मॅडमनी येणं सोडलं, पण कार्यशाळा बंद पडल्या नाहीत.

काय म्हणालीस, तृप्ती? कोण घेतं? तुमची नावं कोणी लिहून घेतली? लाल मफलरवाल्या राजकुमारभाऊंनी. चांगला आहे ना बोलायला? जोडीनं या म्हणाला ना? लिहिताना त्याच्या हाताकडे पाहिलंस का... काहीच नाही ना कोणत्याच बोटात.

थांबा. उठू नका. दाखवल्याशिवाय मी तुम्हाला पाठवणार नाही, आणि पाहिल्यावर तुम्ही जाणार नाही.

हे पाकीट योगेंद्रनं माझ्याकडे ठेवलंय. घरी ठेववत नाही त्याला. मी म्हटलं होतं, जाळून टाक. तर म्हणाला, "जाळू कसा गुरुजी? राज्याचा तेवढा एकच फोटो हाये माझ्याजवळ."

वीरेंद्र, आता काढ तो मोबाईल. उजेड धर. जवळून.

हा सातवा फोटो. खाली वेळ आहे, पाच वाजून एक्केचाळीस मिनिटं. दाणेदार आहे, अंधारातला. ही पाळ. हा पिवळा ठिपका टॉर्चचा. ही दोन माणसं, पाठमोरी, हातात हात धरून चाललेली. उजवीकडचा योगेंद्र. डावीकडच्याच्या गळ्यात लाल मफलर.

आता ही डावी कड बघ. फोटो लपणाच्या आतून काढलाय. कापड लेन्सवर येऊ नये म्हणून कोणीतरी ते आतून बोटानं बाजूला धरलंय. धूसर आहे, पण बोट दिसतं.

त्या बोटात पितळेची अंगठी आहे.